खिसा तपासला नाही

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. पुढून गोल काच असलेली, बटण दाबलं की गाणं वाजवणारी, तसली नाही. मी दोन डब्यांची. एकात धुवायचं, मग ओले कपडे हातानं उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचे. माझा एक पाय तुटलाय, त्याखाली विटेचा तुकडा आहे. पिळायला लागले की मी अशी थडथडते, की खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा एका बाईनं माझ्या बटणाभोवती आकडे चिकटवले, ते जरा तिरके बसले. तेव्हापासून मी थोडी तिरकीच आहे असं समजा.

या घरात मला दादानं आणलं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागला आणि त्यानं घरासाठी पहिली वस्तू घेतली ती मी. आईच्या हातांना साबणानं भेगा पडायच्या, म्हणून. हमाल मला जिन्यावरून चढवत होते आणि दादा पुढे उलटा चालत "सांभाळून, सांभाळून" करत होता. शेवटी पडला तोच. पहिल्या दिवशी आई स्टूल घेऊन माझ्यासमोर बसली, लोक टीव्हीसमोर बसतात तशी.

घरात धाकटी एक बहीण. तिला सगळे ठिणगी म्हणतात. का ते विचारू नका, चटका बसेल. तेव्हा ती एवढीशी होती आणि तिचं काम ठरलेलं होतं, खिसे तपासायचे. खिशात जे सापडेल ते तिचं. दादा मुद्दाम शर्टाच्या खिशात गोळी ठेवायचा आणि वर साळसूदपणे ओरडायचा, "चोर! माझी गोळी कुठे गेली?" त्यामुळे मोठी झाली तरी खिशात हात घातल्याशिवाय ती कपडा टाकायची नाही.

मग दादा बदलला. एकदम नाही. आधी त्याचं गुणगुणणं बंद झालं, मग दुकानात जाणं, मग दाढी करणं. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे, गोळ्या दिल्या, वेळ लागेल म्हणाले. घराकडे बघायला कुणी हवं म्हणून ठिणगी शाळा सोडून घरी बसली. शाळेशी तिचं तसं वाकडंच होतं, पण स्वतः सोडणं वेगळं आणि सोडावी लागणं वेगळं. आई पाळणाघराच्या स्वयंपाकघरात कामाला जायची आणि दिवसभर ही दोघं घरात, एक भिंतीकडे तोंड करून आणि दुसरी भांडी आपटत.

आता जे मला एकटीला माहीत होतं ते सांगते. मी चालू असले की कधीकधी दादा उठायचा आणि माझ्या अंगाला पाठ लावून फरशीवर बसायचा. अंगातल्या निळ्या शर्टाच्या खिशातून तो घडी घालून घालून एवढासा झालेला कागद काढायचा. शाळेच्या पुस्तकातलं, चौथीतलं पान. त्यावरची कविता तो पुटपुटायचा. त्याला वाटायचं, माझ्या घरघरीत कुणाला ऐकू जात नाही. मला जायचं.

थकलास ना? मग बैस जरा,
रस्ता कुठे पळतो आहे?
तुझ्यासाठी वळणापाशी
एक दिवा जळतो आहे.

पुढेही काही होतं, पण तिथे त्याचा आवाज इतका बारीक व्हायचा की मलाही कळायचं नाही. म्हणून झालं की तो कागद खिशात ठेवायचा, उठून पाणी प्यायचा, गोळी घ्यायचा. तो शर्ट तो अंगावेगळा करत नव्हता, ते यासाठी.

ठिणगीला हे कुठे ठाऊक? तिला फक्त वास येत होता.

"शर्ट आहे की कातडी? काढ ना तो!"

"अगं हळू बोल, आजारी आहे तो," आई म्हणाली.

"ताप नाही, खोकला नाही, नुसता लोळतोय. मला पण लागू दे असला आजार, मी पण लोळते!"

दादा ऐकत होता. आईनं हातापाया पडून त्याला आंघोळीला पाठवलं आणि ती कामावर गेली. ठिणगीनं दारावर टांगलेला शर्ट ओढला आणि रागाच्या भरात सगळ्यांच्या कपड्यांबरोबर माझ्यात कोंबला. खिसा तपासला नाही. जन्मात पहिल्यांदा.

आणि मी? एरवी मी काय कमी नाटकं करते? कधी पाणी गळतं, कधी पट्टा सुटतो, कधी उगाच बंद पडते. त्या दिवशी मात्र मी नव्यासारखी चालले. कागद माझ्या पाण्यात सुटत होता, मला कळत होतं, आणि मी गरागरा फिरत होते. हे माझ्या मनातून जात नाही.

ठिणगीनं कपडे बाहेर काढले तर सगळ्यांवर पांढरे कण. ती वैतागून झटकायला लागली. तेवढ्यात दादा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. त्यानं शर्ट हातात घेतला, खिशात बोटं घातली. लगदा निघाला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "असू दे." आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. दुपारी जेवला नाही. गोळी दिली, ती तशीच उशाशी राहिली.

"कसला कागद होता रे? सांग ना. दादा? मला शिव्या घाल हवं तर!"

दादानं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

मग ती माझ्यापाशी आली. आईच्या साडीवरून, टॉवेलवरून, स्वतःच्या काळ्या पँटवरून एकेक कण वेचायला लागली. घडीच्या आतले काही तुकडे शाबूत होते. ओले तुकडे तिनं माझ्या झाकणावर चिकटवले. 'थकलास'. 'रस्ता कु'. 'दिवा'. आणि तिचा हात थांबला. ती सायकल शिकताना पडली होती, गुडघा फुटला होता, तेव्हा दादा शेजारी बसून हेच म्हणाला होता. मी ती कविता त्याच्याकडून चोरून ऐकली होती. तिला त्यानं दिली होती.

तुकडे तिनं ओळीनं लावले. एक उरला. तो बोटावर घेऊन ती त्याच्या दारात उभी राहिली.

"दादा, 'चुकलास' कुठे लावायचं? मला पहिलंच कडवं येतं."

मग खाट करकरली. दादा आला, झाकणाकडे बघत राहिला. 'दिवा' जरा डावीकडे सरकवला. मग माझ्या अंगाला पाठ लावून खाली बसला, आणि यावेळी मी बंद होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

"चुकलीस ना? मग हस जरा,
वाट कुणाची चुकत नाही?
वळून बघ, तो दिवा अजून
कुणावरही रुसत नाही."

"चुकलास आहे," ठिणगी म्हणाली. "तुकडा माझ्या हातात आहे ना."

"माहितीये."

हस म्हटल्यावर ती जी रडायला लागली, ती थांबेचना. आई घरी आली तर दोघं माझ्या अंगाला पाठ लावून फरशीवर. आई घाबरली.

"मशीन बिघडली का रे?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली. आणि दादानं गोळीसाठी पाणी मागितलं.

मित्रांनो, कवितेनं तो ठणठणीत झाला असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा झोपूनच होता. डॉक्टरांची औषधं चालू आहेत, वाईट दिवस अजून येतात. पण परवा त्यानं तो निळा शर्ट स्वतः आणून दिला. ठिणगीनं सवयीनं खिशात हात घातला. आत गोळी होती. औषधाची नाही, चोखायची.

तुमच्या घरात कुणी असं भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याला लोळतोय म्हणू नका. तुम्हाला दिसत नाही असं काहीतरी तो जिवापाड सांभाळत असतो. ते काय आहे ते आधी विचारा, हात नंतर घाला. मला विचारता आलं नाही, मी मशीन आहे. तुम्हाला तोंड आहे.

माझ्या झाकणावर ते तुकडे अजून आहेत, वरून चिकटपट्टी लावलेली. ठिणगीनं 'चुकलास'मधला 'ला' पेनानं खोडलाय आणि वर लिहिलंय 'ली'. अक्षर तिरकं आहे.