एक करवत, एक काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. चांगली काठी आहे असं मात्र म्हणणार नाही. माझ्यावर पाव भाजले गेले आणि माझ्याच माराने माणसं रक्तबंबाळ झाली. दोन्ही कामं मी सारख्याच मुकाट्याने केली. पहिल्या कामाचं कौतुक झालं. दुसऱ्याबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही, म्हणून आज मी बोलते आहे.

माझा जन्म ओढ्याकाठच्या एका चिवट झुडपात झाला. मी हिरवी होते, वाऱ्याबरोबर डुलत होते, आणि एवढं सोडलं तर मला काही काम नव्हतं. एके दिवशी एका लाकूडतोड्याने मला एका घावात तोडलं. गुडघ्यात दाबून धरलं आणि चाकूने माझी साल वरपासून खालपर्यंत सोलली. मग तशीच उघडीवाघडी मला निखाऱ्यांवर धरलं. माझ्यातला रस टोकातून फेसाळत बाहेर येऊ लागला. लाकूडतोडा हसून म्हणाला, "रडतेय बघ. रडू दे. रडलेली काठी फुटत नाही." आपल्या दोन मुलांबद्दलही त्याचं हेच मत आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आता आमच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मोठ्या झाडाला दोन माणसांची लांब करवत लागते. एक या बाजूला, एक त्या बाजूला. ही करवत ढकलायची नसते, फक्त ओढायची असते. एकाने ओढलं की दुसऱ्याने हात सैल सोडायचा. जो ढकलतो त्याच्यामुळे पातं वाकतं आणि अडकतं. अशी जोडी जमली की ती वर्षानुवर्षं टिकते, आणि तिची दुपारची काठीही एकच असते. एक करवत, एक काठी. बायकांनी पहाटे मळून दिलेली कणीक दुपारपर्यंत फडक्यात फुगते. तिची बोटाएवढी जाड दोरी वळायची, काठीभोवती गुंडाळायची आणि निखाऱ्यांवर हळूहळू फिरवायची. पाव झाला की टिचकी मारल्यावर पोकळ वाजतो आणि आपण होऊन काठीवरून सुटतो. ओढून काढावा लागला तर समजा, आत कच्चा आहे.

जेवण्याआधी आग विझवायची, हा जंगलातला कडक नियम. आणि धूर गेला की आपण इथं बसलो आहोत हे इतरांना कळावं म्हणून काठीच्या टोकाला लाल चिंधी बांधून ती जमिनीत उभी रोवायची. काठी उभी आहे तोवर त्या बाजूला कुणी झाड पाडत नाही. जेवून माणसं उठली की काठी उपटायची. मग पलीकडून कुणीतरी ओरडतं, "काठी उठली!" आणि करवती पुन्हा सुरू होतात.

म्हातारा लाकूडतोडा आणि त्याचा थोरला मुलगा ही माझी पहिली जोडी. थोरला अजून कोवळाच होता. त्याने करवत ढकलली की म्हातारा काम थांबवायचा, माझ्यावरची चिंधी सोडायचा आणि त्याच्या बोटांच्या पेरांवर मला मारायचा. थोरला रडला तर आणखी. एकदा त्याचं नख उखडून माझ्या टोकाला चिकटलं होतं. त्याच टोकावर नंतर कणीक गुंडाळली गेली. म्हातारा गेला तेव्हा थोरला ढसाढसा रडला. मला उराशी धरून म्हणाला, "बापानं मला माणूस केलं." मित्रांनो, मी तिथंच होते. बापाने त्याला काय केलं ते मी पाहिलं होतं.

मग थोरल्याची जोडी त्याच्या धाकट्या भावाशी जमली. धाकटा माणूस म्हणजे शांत पाणी. पाव भाजावा तर त्यानेच. तो मला निखाऱ्यांवर अशी फिरवायचा की शेजारच्या जोड्या वासाने माना वळवायच्या. सुटलेल्या पावाच्या पोकळीत तो मध ओतायचा आणि मोठा तुकडा भावाला द्यायचा. थोरल्याला मात्र धीर कसा तो नव्हता. तो मला सरळ जाळात धरायचा. त्याचा पाव वरून कोळसा आणि आतून खळ. गडी त्याला हसायचे, आणि गडी हसले की धाकट्याची पाठ फुटायची. करवत अडकली, मारा धाकट्याला. पाऊल चुकलं, मारा धाकट्याला. धाकटा तीस वर्षांचा झाला, एका मुलाचा बाप झाला, तरी थोरला मला उचलायचा आणि तो हात वर करून कान झाकायचा. उलटा हात त्याने कधी उचलला नाही.

त्याची बायको, तिला सगळे धाकटी म्हणत, रोज त्याच्या पाठीला तेल लावायची. आम्ही घरी आलो की मला दाराबाहेर ठेवायची. एका सकाळी कणकेचं फडकं त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "अहो, सासऱ्यांनी भाऊजींना मारलं, भाऊजी तुम्हाला मारतात. उद्या तुमचा हात आपल्या पोरावर पडायचा."

"मी नाही मारणार," धाकटा म्हणाला.

"परवा त्यानं वाटी फोडली तेव्हा तुम्ही इकडंतिकडं काय शोधत होता? मी बघितलंय. आज काठी मोडून या. नाहीतर मी पोराला घेऊन माहेरी जाते."

काठी मोडणं म्हणजे जोडी मोडणं. दोघांनी दोन टोकं धरायची, मधून मोडायची आणि आपापला अर्धा आपापल्या चुलीत जाळायचा. मग कुणाचं कुणावर काही उरत नाही. खरं सांगू? तिचं बोलणं ऐकून मी घाबरले. त्या भल्या माणसाची सुटका व्हावी असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, याने गप्प बसावं. मला मोडायचं नव्हतं.

त्या दुपारी त्याने पाव नेहमीसारखाच सुरेख भाजला. आग विझवली, मला उभं रोवलं, चिंधी बांधली. आमच्यापासून तीसेक पावलांवर एक सासरा-जावयाची जोडी मोठं झाड कापत होती. त्या दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दिवसभर एकमेकांशी बोलायचे नाहीत, पण करवत लोण्यासारखी चालवायचे. त्यांचा शेवटचा काप तेवढा राहिला होता. माझ्याकडे बघत ते थांबले होते.

धाकट्याने पावाचा मोठा तुकडा भावापुढे केला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, उद्यापासून मी दुसऱ्या जोडीत जातो. काठी मोडू."

थोरल्याचा घास तोंडातच राहिला. "काय म्हणालास?"

"काठी मोडू, दादा. भांडण नको."

"बापाची काठी मोडतोस? तुझी एवढी मजल?"

त्याने मला उपटलं. बावीस वर्षं जंगलात काढलेला माणूस तो, काठी केव्हा उपटायची हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण रागाने त्याच्या डोळ्यांवर पडदा ओढला होता. पहिला फटका धाकट्याच्या खांद्यावर बसला. त्याचं हाड मोडलं की मी, ते कळेना. आवाज मात्र माझ्या आतून आला. दुसरा कानावर बसला. कानातून रक्त आलं, धाकटा शेजारच्या तोडलेल्या बुंध्याशी कोसळला. तिसरा, चौथा पाठीवर. थोरला मारत होता आणि ओरडत होता, "मोडायचीय? घे! मोड आता!"

पलीकडून आवाज आला, "काठी उठली!" मग करवतीची खरखर. मग रीतीप्रमाणे तीनदा, "हुश्शार! हुश्शार! हुश्शार!"

थोरल्याला स्वतःच्या ओरडण्यापुढे काही ऐकू आलं नाही. धाकट्याने ऐकलं. त्याने मान वर करून झाड पाहिलं. बुंध्याच्या पलीकडे लोळण घेतली असती तर तो सहज वाचला असता. पण त्याने भावाच्या गुडघ्यांवर झेप घेतली. थोरल्याला वाटलं, याने आयुष्यात पहिल्यांदा आपल्यावर हात टाकला. त्याने पडता पडताही मला उगारलं. तेवढ्यात झाड आलं.

धूळ खाली बसली तेव्हा थोरला एका बाजूला पडला होता, अंगावर ओरखडासुद्धा नाही. धाकट्याचा उजवा हात कोपरापासून पुढे खोडाखाली चिरडला होता. सासरा-जावई धावत आले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. "तू पाहिलंस ना?" "पाहिलं ना, मामा. काठी नव्हतीच!" पाचरी ठोकून खोड उचलेपर्यंत धाकटा शुद्धीवर होता. दवाखान्यात डॉक्टरांनी तो हात कोपरापासून काढला.

मुकादमाने विचारलं तेव्हा थोरल्याने सांगितलं, वाऱ्याने काठी पडली. त्या दिवशी पान हलत नव्हतं. धाकटा शुद्धीवर असूनही काही बोलला नाही.

महिन्याभराने थोरला मला घेऊन भावाच्या घरी गेला. त्याने माझ्यावरचं रक्त घासून काढलं होतं, मला तेल चोपडलं होतं. तो रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं. "पुन्हा जोडी लावू," तो म्हणाला. "तू नुसती मूठ धर. ओढायचं मी बघतो. तुला बसून खायला घालीन."

बोलली धाकटी. "भाऊजी, तुम्हाला वाचवताना यांचा हात गेला. आता उरलाय तोही हवाय का?"

धाकट्याने डावा हात पुढे केला आणि माझं एक टोक धरलं. "धर दादा."

थोरल्याने दुसरं टोक धरलं, पण जोर लावेना. एका हाताने मी मोडणार कशी? धाकट्याच्या कपाळावर घाम आला. त्याच्या कानावर माझा वण होता, तो मला अगदी जवळून दिसत होता. मित्रांनो, काठीला आयुष्यात काहीच ठरवता येत नाही. तिला कोण धरतो, कशासाठी उचलतो, हे तिच्या हाती नसतं. पण माझ्या पोटात त्या पहिल्या फटक्याची चीर होती. ती मी महिनाभर दातओठ खाऊन मिटून धरली होती. त्या क्षणी मी ती सोडली आणि मोडले.

धाकट्याच्या वाट्याचा अर्धा त्याच दिवशी त्यांच्या चुलीत गेला. त्या जाळाचे निखारे झाले तेव्हा धाकट्याने एका हाताने, नव्या ओल्या फांदीवर, मुलासाठी पाव भाजला. हे मला त्या सासरा-जावयाच्या जोडीतल्या सासऱ्याच्या बोलण्यातून कळलं. ऐकून मी सुखावले.

बोलते आहे ती मी थोरल्याच्या वाट्याची. त्याने मला जाळलं नाही. "बापाची आठवण आहे," म्हणाला आणि दारामागच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. पूर्वी मी लांब होते, घरात फिरवायला अडचण व्हायची. आता मी हातात नेमकी बसते. अजून त्याने मला उचललेलं नाही. पण परवा त्याच्या लेकीने दूध सांडलं, तेव्हा त्याची नजर दारामागे आली आणि बराच वेळ तिथंच राहिली. पोर तिथल्या तिथं थिजली. तिने हात वर करून कान झाकले. तिला हे कुणी शिकवलं होतं?

थोरली, म्हणजे तिची आई, रोज सकाळी हा कोपरा झाडते. मला उचलते, खालची धूळ काढते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवते. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात, आणि ते खरंच आहे. पण मला जपू नका. तुमच्या घरात दारामागे माझी एखादी बहीण असेल, तर तिलाही जपू नका; मोठ्या माणसांपैकी जे प्रेमाने ऐकतील त्यांना तिच्याबद्दल सांगा. आणि थोरले, तुला तर मी रोजच सांगते, तुला ऐकू येत नाही एवढंच. मी आता तुझ्याच हातात आहे. चूल चार पावलांवर आहे, आणि तो संध्याकाळशिवाय घरी येत नाही.