नाल्याकाठी पाखऱ्या अडला

सुईणीनं हात टेकले. "पोर आडवं हाये. हिंगणघाटच्या दवाखान्यात न्या, नाई तं दोघंबी जातीन," असं ती म्हणाली आणि रूपरावनं अल्लीपूरहून बंडी जुंपली. आत बायको कोकिळा कण्हत होती, तिला धरून त्याची आई आनंदाबाई बसली होती.

अंधारायच्या आत नाला ओलांडायचा होता. पण नाल्याच्या तोंडाशी पाखऱ्या बैलानं पाय रोवले ते रोवलेच. जोडीचा हौश्या एकटा ओढून ओढून दमला. रूपराव ओरडला, त्यानं शेपटी पिरगाळली, शेवटी पराणी टोचली. रक्त आलं, पण बैल हलेना.

समोर पळसाची दाट झाडी होती. रूपरावनं पराणी खाली केली आणि झाडीकडं पाहिलं.

"माय, वाघ हाये वाटते. जनावराले वास उपजतच कळते. बंडी फिरवतो."

"फिरवू नोको! पोरगी मरन!"

"अन् पुढं गेलो तं सगळेच मरू!"

दोघांचंही खरं. अशा वेळी माणसानं करावं तरी काय? त्यानं कासरा ओढला, बंडी वळू लागली.

"थांबा वो," कोकिळा दात आवळून म्हणाली. "पाखऱ्या काय करून राह्यला?"

"रवंथ करून राह्यला, बयताड बैल!"

"मंग वाघ कायचा? वासानं थरथरला असता, जू झुगारून पळाला असता." कळ आली, ती थांबली. "माह्या बाबाचा बैल हाये तो. कापूस नेताना बाबा इथंच चिलीम ओढत. ओढून झाली का ती जुवावर ठोकत. मंग हा निंगे. ठोका!"

सासरे अण्णाजी वारल्यावर हा बैल रूपरावकडे आला होता आणि त्यानंतर या वाटेला आज पहिल्यांदाच लागला होता. रूपरावला हे कसं ठाऊक असणार? त्यानं गोटा उचलला आणि जुवावर ठोकला.

पाखऱ्यानं मान खाली घातली आणि मुकाट्यानं पाण्यात पाय टाकला.

दवाखान्यात पोहोचल्यावरही जीव टांगणीला लागलाच होता. पहाटे नर्सनं पोरगी आणून कोकिळेच्या कुशीत ठेवली. डोळेही न उघडलेल्या त्या एवढ्याशा जिवानं तोंड इकडेतिकडे फिरवलं, आईचं दूध शोधलं आणि ती चुरूचुरू ओढू लागली.

"हिले कोनं शिकवलं?" दारातून रूपरावनं विचारलं.

"हे कोनी शिकवत नाई, बापू," आनंदाबाई हसली.

कोकिळा हसली नाही. पाखऱ्याला मात्र तिच्या बाबानं शिकवलं होतं. बाप गेला तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता पोरीला छातीशी धरून ती ओक्साबोक्शी रडली.