हरायला नेलेला संघ

ट्रेंट हॉलोवेला कोलांटी मी शिकवली. तेव्हा तो दुसरीत होता आणि उलटा झाला तरी डोळे उघडे ठेवायचा, कोण बघतंय ते कळावं म्हणून. पुढे त्याने टेक्सासमधल्या लबक शहराच्या बाहेर, टायरच्या दुकानाला लागून असलेल्या गोदामात जिम काढली आणि मला मुलींना शिकवायला ठेवलं. डोळ्यांची खोड अजून गेलेली नाही.

त्याच्याकडे नऊ-दहा वर्षांच्या मुलींचे संगीतावर कोलांट्या मारणारे, मनोरे रचणारे दोन चिअर संघ आहेत, गोल्ड आणि सिल्व्हर. कोणती मुलगी कुठे जाणार हे चाचणीवर ठरतं, असं भिंतीवर लिहिलंय. प्रत्यक्षात ते आयांवर ठरतं. जिला दुपारी ट्रेंटबरोबर कॉफी प्यायला सवड आहे तिची लेक गोल्डमध्ये. जी कामावरून येऊन पार्किंगमध्ये गाडीतच डुलकी घेते तिची सिल्व्हरमध्ये. गोल्डला पुढची मोठी मॅट, सिल्व्हरला मागचा कोपरा, जिथल्या मॅटखालच्या स्प्रिंगा कधीच मेल्या आहेत. गोल्डला ट्रेंट शिकवतो, सिल्व्हरला मी. मेलेल्या स्प्रिंगांवर जी पोर उडायला शिकते तिला पुढे कशाचीच अडचण वाटत नाही, हे ट्रेंटच्या ध्यानात आलं नाही. ते आयांना कॉफी पाजून कळण्यासारखं नव्हतं.

एक नियम मात्र दोन्ही संघांना सारखा होता. आपल्या जिमचा कोणताही संघ स्पर्धेत मॅटवर असला की बाकीच्यांनी मॅटसमोर उभं राहून हाका द्यायच्या. संगीत इतकं मोठं असतं की थरातल्या मुलींना एकमेकींचा आवाज येत नाही. समोरून ‘वर’ ऐकू आलं की वर जायचं. त्यामुळे दोन्ही संघांना एकमेकांचे सगळे कार्यक्रम तोंडपाठ असतात. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय, ‘हाक आली की वर. विचार घरी जाऊन करा.’ ट्रेंटच्या तोंडून बाहेर पडलेलं हे एकच शहाणं वाक्य, आणि तेही त्याने माझंच उचललेलं.

फेब्रुवारीत तो माझ्याकडे आला.

“मिस ओपल, अमरिलोच्या स्पर्धेला सिल्व्हरलाही नेऊ या.”

“अचानक एवढं प्रेम?”

“गोल्डच्या गटात यंदा दुसऱ्या कुणी नावच दिलेलं नाही. एकटाच संघ असला तर पहिला नंबर धरत नाहीत, डॅलसच्या फायनलला घेत नाहीत. कुणाला तरी हरवावं लागतं.”

“म्हणजे माझ्या मुली हरायला येणार.”

“अनुभव मिळेल ना त्यांना.”

हा माणूस लहानपणी सापशिडीसुद्धा धाकट्या भावाशीच खेळायचा. पण मुलींना अमरिलोला जायला मिळतंय एवढ्यानेच त्या कोपऱ्यात नाचत होत्या.

स्पर्धेच्या आठवड्यात ट्रेंटने सिल्व्हरचा सराव पहिल्यांदा नीट पाहिला. आमचा मनोरा शेवटी येतो. जोलीन टकर आणि दोघी जणी खाली उभ्या राहतात, आणि इत्झेल क्विंटाना त्यांच्या हातांवर एका पायावर उभी राहून दुसरा पाय डोक्यामागे धरते. हलत नाही. खांबावर ससाणा बसावा तशी दिसते. गोल्डच्या मनोऱ्यावर ट्रेंटची मुलगी ब्रिनली असते. गोड पोर आहे. तिला उंचीची भीती वाटते, आणि हे जिममध्ये तिचा बाप सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा आवाज मात्र असा, की तिने आकडे मोजायला सुरुवात केली की पलीकडे टायरवाले मान वर करतात.

ट्रेंट इत्झेलकडे बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “मनोरा काढून टाका.”

“का?”

“अवघड आहे. पडली बिडली तर?”

“महिनाभर पडलेली नाही. तुझी रोज पडते.”

“मिस ओपल, सरळच सांगतो. मनोरा नाही, नाहीतर इत्झेल नाही. दोन्हीपैकी एक घरी राहील. आणि हे बाहेर बोलायचं नाही. गोल्डच्या कुणाला कळता कामा नये.”

लाज वाटत असणारी माणसं निदान खाली बघतात. हा आरशात बघत होता, केस सारखे करत.

मी मुलांशी खोटं बोलत नाही. मुलींना कोपऱ्यात गोल बसवलं आणि ट्रेंट काय म्हणाला ते तसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, ठरवा.

“इत्झेलला घेऊनच जायचं,” जोलीन म्हणाली. तिच्याबरोबर सगळ्यांनी माना हलवल्या. “पण मग मनोऱ्याच्या जागी करायचं काय?”

“उभं राहून हसायचं.”

“किती वेळ?”

“मनोऱ्याला लागतो तितका.”

“एवढा वेळ हसलो तर लोकांना वाटेल आम्ही विसरलो.”

“हसायचं तर नीट दात दाखवून हसा,” दुसरी म्हणाली. “गोल्डच्या आयांतल्या मिसेस पॅट्रिज हसतात तसं.”

सगळ्या खिदळल्या. इत्झेल सोडून. मुली पाणी प्यायला गेल्यावर ती माझ्याजवळ आली.

“मिस ओपल, आई सुट्टी घेऊन येतेय. ती कधीच आली नाही स्पर्धेला.”

“ठाऊक आहे मला.”

“मी तिला सांगितलंय, मी वर असते म्हणून. तिला वाटेल मी थापा मारत होते.”

मी तिच्या केसांची सुटलेली रिबीन पुन्हा बांधली आणि तिला पाणी प्यायला पाठवलं.  

अमरिलोच्या सभागृहात केसांवर मारायच्या स्प्रेचा धूर इतका होता की आत शिरताच डोळे चुरचुरले. गोल्डच्या आया एकसारखे चमचमते शर्ट घालून आल्या होत्या, पाठीवर मुलींची नावं. स्वतःची नावं बहुधा विसरल्या असाव्यात. त्यांची म्होरकी शेल्बी पॅट्रिज माझ्या दंडाला धरून म्हणाली, “मिस ओपल, तुमच्या मुली किती गोंडस दिसताहेत. निकाल लागल्यावर रडणार नाहीत ना बिचाऱ्या?”

“रडल्या तर तुमच्याकडे पाठवते, शेल्बी. चाचणीच्या दिवशी तुम्ही ट्रेंटसमोर तासभर रडलात. थांबायचं कसं ते तुम्हाला येत असेल.”

आधी गोल्ड मॅटवर गेलं. माझ्या मुली समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घसा फोडून हाका देऊ लागल्या. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मनोऱ्यावर चढलेल्या ब्रिनलीने आधी मॅटकडे, मग एकदा बापाकडे पाहिलं आणि ती खाली आली. खालच्या मुलींनी झेललं, लागलं कुठे नाही. ट्रेंटचं हसू तोंडावर तसंच राहिलं, दुकानातल्या पुतळ्याचं राहतं तसं. त्याला घोर नव्हता. पुढचा संघ उभं राहून हसणार होता.

मग सिल्व्हरचं नाव पुकारलं. गोल्डच्या आयांना एकाएकी मुलींची तहान आठवली. कुणी ज्यूसची डबी उघडली, कुणी रिबिनीचं फूल नीट करायला लेकीला खुर्चीत दाबून बसवलं. समोरच्या जागेत मी एकटीच उभी. ट्रेंट संगीताच्या टेबलाशी होता. मुलींनी मॅटवर येऊन समोर पाहिलं, आणि जोलीनचा चेहरा पडलेला मला दिसला.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी धापा टाकत येऊन थांबलं. ब्रिनली. डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलेलं. आयांच्या रांगेत तिची आई नव्हती, ती बाहेर खायचं आणायला गेली होती, म्हणून तिला कुणी बसवून ठेवलं नव्हतं.

संगीत सुरू झालं आणि ब्रिनलीने तोंड उघडलं. एकटी पोर सगळ्या जिमच्या वाटणीचं ओरडत होती. सिल्व्हरच्या मुली उजळल्या. कोलांट्या, उड्या, सगळं सुरेख झालं. चांगल्या स्प्रिंगांवर त्या एवढ्या उंच गेल्या की त्यांनाच हसू आलं. मग मनोऱ्याची जागा आली. ठरल्याप्रमाणे त्या उभ्या राहिल्या आणि हसल्या.

ब्रिनलीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिने हंगामभर पाहिलेलंच मोजलं.

“पाच, सहा, सात, वर!”

जोलीनचे हात तिच्या डोक्याच्या आधी हलले. बाकी दोघींचेही. इत्झेलचा पाय त्यांच्या तळव्यांत पडला आणि ती वर गेली. मी त्यांना असंच शिकवलं होतं आणि ट्रेंटने ते लाल अक्षरांत रंगवलं होतं. विचार घरी जाऊन.

ज्या फोनवरून संगीत चाललं होतं त्याकडे ट्रेंटचा हात गेला. आपल्याच जिमचं संगीत मध्येच बंद करायचं, तेही परीक्षकांच्या देखत, अंगात जिमचा शर्ट घालून. हात मागे आला. कोण बघतंय ते पाहायची खोड पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आली.

इत्झेल पाय डोक्यामागे धरून उभी राहिली. मागच्या रांगेत औषधांच्या दुकानाचा निळा कोट घातलेली एक बाई उठून उभी राहिली आणि पुढच्या माणसाने बसा म्हटलं तरी बसली नाही.

मुली बाहेर आल्यावर ट्रेंट थेट ब्रिनलीकडे गेला. आवाज हळू होता, पण शेल्बी आणि तिचा घोळका तीन पावलांवरच होता.

“तुला कुणी सांगितलं हाक द्यायला?”

“तूच, डॅडी. आपलं कुणी मॅटवर असलं की द्यायची.”

“त्यांचा मनोरा काढला होता.”

“का?”

ट्रेंटने तिच्या गालावरचं काजळ पुसायला रुमाल काढला.

“पडत नाही तो कधी,” ब्रिनली म्हणाली. “मग का काढला?”

शेल्बीने ज्यूसची डबी खाली ठेवली. कुतूहल तिलाही होतं. ट्रेंटने घड्याळ पाहिलं आणि निकालाच्या ठिकाणी त्याची वाट बघत असल्याचं सांगून तो निघून गेला.

सिल्व्हर पहिली आली. गोल्डचा दुसरा नंबर लागला, दोघांत. ट्रेंटने दोन्ही हातांत दोन चषक धरून फोटो काढून घेतला आणि माइकवर सांगितलं की आमच्या जिममध्ये सगळ्या मुली सारख्याच. इत्झेल तेव्हा निळ्या कोटातल्या आईच्या कडेवर होती. एवढी मोठी मुलगी, पण दोघींना सोडवत नव्हतं.

सोमवारी ट्रेंट कोपऱ्यात आला. डॅलसला सिल्व्हर जाणार, म्हणून सिल्व्हरचंच नाव गोल्ड करायचं त्याच्या मनात होतं. मुलींना वाटलं तो थट्टा करतोय.

“नाव राहू दे,” जोलीन म्हणाली. “मॅट द्या.”

त्याने दिली. दुसरं करणार काय? गोल्डच्या आया त्या दिवशी कॉफीला थांबल्या नाहीत.

सराव संपल्यावर ब्रिनली माझ्यामागे घुटमळत राहिली.

“मिस ओपल, मला तुमच्या संघात घ्याल? पण वर नको. खाली उभं राहून मोजायचंय मला.”

“घेईन. नीट मोजणारी मुलगी सहज मिळत नाही.”

“डॅडींना कोण सांगणार?”

“तू. एवढा आवाज दिलाय देवाने.”

तिने थोडा विचार केला, पोट आत घेतलं, पाय रोवले आणि ऑफिसच्या दाराकडे तोंड केलं.