डावा कौल

देवापुढे बसलेल्या हरी सरांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. आत दोन फळ्यांच्या मध्ये, वर्तमानपत्राच्या घडीत, कंदासकट काढलेली आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड होतं. महाडच्या कॉलेजात चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण अशी हिरवट फुलांची आमरी त्यांनी कुठल्याच पुस्तकात पाहिली नव्हती. कापडे गावाच्या वरच्या देवराईत तिचा एकच दांडा फुलला होता. दुपारपर्यंत कोमेजेल या धास्तीनं त्यांनी तो सकाळीच खणला. विचारू मागाहून, असं म्हणत स्वतःची समजूत घातली.

आणि तिथंच चुकलं. या राईतली वाळकी काटकीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय बाहेर जात नाही. परतताना वाटेत पुजारी रावजी भेटला, तेव्हा सर कसंबसं बोलले, "एक फूल न्यावं म्हणतो."

"मग कौल लावू की!"

रावजीनं राईतल्या देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

पाकळ्या हलेनात. सरांच्या मानेवरून घाम ओघळला.

"सर, तुमचाच पेपर हाय का आज?" पायरीवर बसलेली रावजीची आई, ठकूबाई हसली.

डावी पाकळी पडली.

"नाय म्हणतो देव," रावजी म्हणाला. "पुढल्या वर्षी इचारू. चला, चहा घेऊन जावा."

सर उठले. राईचं गेट ओलांडलं की सुटले. कुणाला कळणार होतं? हयातभरात नाव घेण्याजोगं एवढंच तर सापडलं होतं. पण पाऊल उचलेना.

"रावजी, मी... आधीच काढलीय."

रावजीचा चेहरा उतरला. ठकूबाईचं हसू मावळलं. "एवढं शिकून इचारायचं बी कळलं नाय गो बाई!"

सरांनी फळ्यांचे पट्टे सोडले. आमरी कागदाला चिकटून चपटी झाली होती. कंद मात्र अजून ओला होता.

"परत लावतो. त्यासाठी कौल..."

"ज्याचं त्याला देताना इचारायचं काय?" रावजीनं ओरडूनच सांगितलं.

सरांनी बोटांनीच माती उकरली, कंद पुरला, वर पाचोळा ओढला. खुडलेला दांडा रावजीनं देवापुढे ठेवला.

"जगंल का?" रावजीनं विचारलं.

सरांनी मान खाली घातली. "ठाऊक नाही."

"उगवलं तर पुढल्या श्रावणात या," रावजी म्हणाला. "नाय तर नको."