मिस सेल्वादुरैंचे रिगार्ड्स

रोकिया अकरा वर्षांची असताना ताइपिंगच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मिस सेल्वादुरै होत्या. बारीक अंगाच्या, सिलोनकडच्या घराण्यातल्या. वर्गात इंग्रजीशिवाय दुसरा शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. एका आठवड्यात त्यांनी फळ्यावर 'कन्व्हे' हा शब्द लिहिला आणि खाली वाक्य लिहिलं, आगगाडी माल कन्व्हे करते. मुलींनी अशी दहा वाक्यं करून आणायची होती. रोकियाने नारळ, कोंबड्या, कथिलाची माती, एवढंच काय स्वतःची आजीसुद्धा कशा ना कशातून कन्व्हे केली. वहीवर शेरा पडला, छान.

"या शब्दाचे आणखी अर्थ आहेत, ते सोमवारी," मिस म्हणाल्या. पण त्यांच्या बदलीचा हुकूम आला शुक्रवारी.

शाळा सुटताना त्यांनी रोकियाला थांबवलं. "तुझं घर स्टेशनामागे ना? पार्सल ऑफिसातल्या मिस्टर खूंना माझे रिगार्ड्स कन्व्हे कर."

"येस, मिस," म्हणून रोकिया तिथेच उभी राहिली.

"काय गं?"

"काही नाही, मिस."

खरं म्हणजे ती ते रिगार्ड्स हातात पडायची वाट बघत होती. खायची वस्तू असेल की कापड, विचारायची लाज वाटली. शनिवारी सकाळी ती केळीची पानं अंथरलेली टोपली घेऊन फलाटावर गेली. मिसनी खिडकीतून हात हलवला, गाडी सुटली, टोपली रिकामीच राहिली.

"मिस विसरल्या वाटतं," ती आईला म्हणाली.

"मोठी माणसंही विसरतात बाई," आई म्हणाली, आणि विषय मिटला.

चार वर्षांनी पत्रलेखनाच्या धड्यात तो शब्द पुन्हा भेटला आणि रोकियाचे कान तापले. रिगार्ड्स म्हणजे नुसता नमस्कार! तो तोंडानेच पोचवायचा होता! ती तशीच धावत पार्सल ऑफिसात गेली. खिडकीत दुसराच माणूस होता. खूंची दक्षिणेकडे कुठेतरी बदली झाली होती.

पुढे ती स्वतः इंग्रजीची मास्तरीण झाली. दरवर्षी 'कन्व्हे' शिकवायची वेळ आली की माल नेण्याचा पहिला अर्थ ती घाईत उरकायची. तारेतून आवाज जातो, वकील कागद करून घर एकाचं दुसऱ्याच्या नावावर करतो, चेहऱ्यावरून मनातलं कळतं, ती सगळं सांगायची. निरोपाच्या अर्थाशी मात्र आवाज जरा उतरायचा. मुलींना वाटे, बाई दमल्या.

बेचाळिसाव्या वर्षी, शाळेची सुट्टी लागलेली असताना, बाजारातल्या कॉफीच्या दुकानात दुकानदाराने एका म्हाताऱ्याला हाक मारली, "खू अंकल, तुमची कोपी-ओ!" तिने मान वळवली. केस पांढरे झाले होते, कपाळ पार्सलच्या खिडकीतलं तेच होतं. नोकरी संपवून तो गावी परतला होता.

ती त्याच्या टेबलाशी गेली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून मोकळी झाली.

खू बराच वेळ कपातली साखर ढवळत राहिला. मग कारकुनाच्या सुरात म्हणाला, "नेमके शब्द काय होते? वॉर्म रिगार्ड्स की बेस्ट रिगार्ड्स?"

"नुसते रिगार्ड्स, अंकल."

"मग त्याच! जादा शब्द कधी वापरायच्या नाहीत." तो हसला. "दर शनिवारी भावाला पुस्तकं पाठवायच्या. त्या गेल्या त्या शनिवारी नेमकी माझी सुट्टी होती. मला वाटलं, न सांगता गेल्या. पार्सलवाल्याला कोण कशाला सांगेल, अशी समजूत घातली मनाची. पुढच्या वर्षी लग्न केलं. बायको भली होती गं, गेली दोन वर्षांमागे. पण ते एक कुठेतरी खुपत होतं."

"चूक माझी होती."

"अकरा वर्षांच्या पोरीची कसली चूक? आता माझे पोचव."

जुन्या मुख्याध्यापिकांकडून रोकियाने पत्ता मिळवला. मिस मुआरला होत्या. तिने पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, ते तिने दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं:

'रोकिया, मी तुला काही निरोप दिल्याचं मला आठवत नाही. पण तो माणूस आठवतो. पार्सलाला अशी सुबक गाठ मारायचा की भाऊ ती कापायचा नाही, सोडवायचा. गोणपाटाचा वास आला की अजून मला ती खिडकी दिसते. त्याचं नाव खू होतं? इतकी वर्षं मी त्याला गोह म्हणून आठवत आले.'

खू ठसका लागेपर्यंत हसला. "गोह? अगं, गोह म्हणजे आमचा स्टेशनमास्तर! हा एवढा ढेरपोट्या! एकतीस वर्षं माझ्या जागी तो बसला होता!"

"पण अंकल, गाठी तुमच्याच ना?"

"माझ्याच. त्याला बुटाची नाडी बांधता यायची नाही." त्याने डोळे पुसले, ते हसण्याने की कशाने, रोकियाने विचारलं नाही. "कागद आहे तुझ्याकडे? लिही. आधी म्हणावं, नाव खू. खू बेंग स्वी."

तिने पर्समधून पेन काढलं. खूने आणखी दोन कोपी मागवल्या, खुर्ची जवळ ओढली आणि हळूहळू, शब्द जपून वापरत, सांगायला लागला.