एक ठोका जास्त

"वरचे सूर आधी जातात," कानाचे डॉक्टर म्हणाले. "पाखरांचे आवाज, दारावरची घंटी, शिट्टी. मग हळूहळू खालचे." आई माझ्या शेजारी बसून त्यांच्या ओठांकडे बघत होती आणि मान डोलावत होती, म्हणजे तिला निम्मंही कळलं नव्हतं. यंत्र लावलं तर काही महिने, कदाचित वर्षभर बरं ऐकू येईल, पुढचं सांगता येत नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

परत येताना बसमध्ये आईने विचारलं, "काय म्हणाले?"

"कान म्हातारे झालेत म्हणाले."

"ते मी फुकटात सांगितलं असतं." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "तुझ्या बाबांची ती धून एकदा ऐकायची होती गं. अख्खी."

अख्खी! तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं. ती धून अख्खी कोणालाच येत नव्हती.

बाबा हॉटेलात पियानो वाजवायचे. लोक जेवायचे, गप्पा मारायचे, आणि हे कोपऱ्यात बसून त्यांचं अन्न पचवायचे, असं आई म्हणायची. हॉटेलाने नवा पियानो घेतला तेव्हा जुना, दोन पट्ट्या कायमच्या बसलेला, आमच्या घरी आला. आम्ही शाळेतून यायचो आणि बाबा कामावर निघायचे, त्यामध्ये जेमतेम एक तास असायचा. पियानो एक, तास एक आणि पोरं दोन. दुसऱ्या कुठल्याही बापाने तासाचे दोन भाग केले असते. बाबांनी पियानोचे केले. दादा डावीकडे, मी उजवीकडे, माझ्याखाली एक जाड उशी. त्याने मधल्या पट्टीच्या अलीकडचं शिकायचं, मी पलीकडचं. भांडण नको म्हणून केलेली ही सोय पुढे कायमची झाली, आणि आमच्या घरात दोन अर्धे पियानोवाले तयार झाले.

ती धून बाबांनी आईच्या वाढदिवसासाठी रचली होती. कागदावर कधी उतरवली नाही. "पोरांच्या बोटांत आहे की," म्हणायचे. ते आमच्यामागे उभे राहून बुटाने ठोका द्यायचे आणि आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी असायची. धुनेच्या मध्यावर माझ्या वाटची एक उडी होती, खालून एकदम वरच्या सुरावर. माझा पंजा केवढासा, बोट वेळेवर पोचायचंच नाही. दरवेळी मी उशिरा पोचायचे आणि दरवेळी आई दारातून म्हणायची, "आली बाई एकदाची!" सगळे हसायचे. दादा मला गोगलगाय म्हणायचा. पुढे गल्लीतली पोरंही म्हणायला लागली, आणि त्याचा राग मला अजून आहे.

बाबा गेले. दादा दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायला लागला, मी पडदे शिवायला लागले. आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा पियानोचा प्रश्न आला. आमचा मजला तिसरा आणि जिना माणसाने आडवं चालावं असा. दादाने येऊन मापं घेतली, पियानो एका शाळेला विकला आणि मग मला सांगितलं. आधी नाही, मग. जन्मभर माणसांना वर चढवणाऱ्या माणसाला एक पियानो वर चढवता येऊ नये, असं मी त्याला बोलले. आणखीही बरंच बोलले. नंतर गुपचूप मी स्वतः जिन्याला टेप लावून पाहिली. नव्हताच मावत. पण मावत नव्हता म्हणून राग गेला, असं काही झालं नाही. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे आईच्या गोळ्या संपल्या की आहेत, एवढंच.

"घरी रेकॉर्ड कर की मग," आईचं धुनेचं सांगितलं तेव्हा माझी लेक म्हणाली. "छोटा मिडी कीबोर्ड घे, माझ्या लॅपटॉपला जोड. स्वस्तातले असतात." तिला सगळंच सोपं वाटतं. तिने अजून पडदा शिवलेला नाही.

वाद्यांच्या दुकानात मी मापाची टेप घेऊन गेले. दुकानदार पूर्वी कुठल्याशा बॅन्डमध्ये ड्रम वाजवायचा आणि अजूनही बोलताना काउंटरवर बोटं बडवायचा. त्याने माझ्यासमोर एक खेळण्याएवढा कीबोर्ड ठेवला. पंचवीस पट्ट्या, त्याही बारीक. मी बोटं ठेवली तर एका बोटाखाली दोन पट्ट्या दबल्या.

"हा मांजरासाठी आहे का?" मी विचारलं.

"प्रवासात न्यायला बरा पडतो, ताई."

"मी कुठे जातेय प्रवासाला? आणि याचा आवाज का येत नाही? बिघडलाय."

तो हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही, पण पुढे तो जे बोलला ते मात्र लक्षात राहिलं. "याला आवाज नसतोच. आवाज कॉम्प्युटरमध्ये. हा फक्त बोटांनी काय केलं तेवढं पाठवतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, केव्हा सोडली. रेकॉर्ड होतं ते तुमचं बोट."

मग त्याने एकेक काढून दाखवले. हलक्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा, जरा जड पट्ट्यांचा, वर नाना बटणं आणि दिवे असलेला. दिव्यांचा मी लगेच बाजूला सारला, मला काही विमान चालवायचं नव्हतं. पट्ट्या पूर्ण मापाच्या हव्यात, जोराने दाबलं तर जोराने आणि हळू दाबलं तर हळू वाजायला हवं, पायाचं पेडल जोडायला मागे भोक हवं, आणि शिवणयंत्राच्या टेबलावर मावायला हवा. माझ्या मागण्या एवढ्याच. शेवटी त्याने मोठा आणला, पियानोएवढ्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा. "घ्यायचा तर हा घ्या. यावर सगळं वाजतं."

मी त्याच्यासमोर बसले. तो वायर जोडायला धावला, मी म्हटलं राहू दे. मुक्याच पट्ट्यांवर मी धून सुरू केली. चाळीस वर्षं झाली असतील, पण बोटं आपली चालायला लागली. उजवीकडची. डावीकडच्या पट्ट्या तशाच पडून होत्या, आणि जिथे दादा एकटा वाजवायचा तिथे मी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले, तो संपायची वाट बघत. दुकानदार माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागला.

"पुढे येत नाही का?" त्याने विचारलं.

"येतं. पण ते माझं नाही."

जगातला सगळ्यांत मोठा कीबोर्ड घेतला तरी माझ्याकडे धून अर्धीच होती. आणि तीही वरची अर्धी. आईच्या कानांतून आधी जाणार ती.

"एकोणपन्नास पट्ट्यांचा आहे ना, साधा? तो द्या," मी म्हटलं. "दोन द्या."

"दोन?"

"एक इथे, एक पार्सलने."

दोन घेऊनही मोठ्यापेक्षा स्वस्तच पडले. पार्सलवर दादाचा पत्ता लिहिला तेव्हा कुठे लक्षात आलं की त्याला अजून विचारलंच नाही.

फोन केला तर आधी तो घाबरला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. गोळ्याही आहेत. तुला एक पार्सल येईल." मग एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टर, वरचे सूर, धून.

मला वाटलं, आता पियानोचा विषय निघणार. मी तयारच होते, कमरेला पदर खोचून. पण तो म्हणाला, "माझी बोटं आता पान्याला चिकटलेली असतात गं. जमेल का?"

"आईला ऐकायचंय."

"पाठव," तो म्हणाला.

मी शिवणयंत्र भिंतीकडे सरकवलं आणि टेबलाच्या कडेला कीबोर्ड मांडला. खोलीत पडद्यांचे गठ्ठे इतके होते, की लॅपटॉपचा आवाज घुमत नाही म्हणून लेक खूश झाली, जसं काही मी त्यासाठीच शिवणकाम पत्करलं होतं. बाबांच्या बुटाचा वेग मी टेबलावर बोटाने वाजवून दाखवला, तिने त्याचा आकडा काढून दादाला कळवला आणि कीबोर्ड त्याच्या कॉम्प्युटरला कसा जोडायचा तेही फोनवर सांगितलं. दोघांच्या कानांत तोच ठोका वाजणार होता. रोज पडदे संपले की मी बसायचे. आणि काय सांगू, ती उडी मला जमायला लागली! पंजा मोठा झाला होता ना. अगदी ठोक्यावर, स्वच्छ. बाबांनी ऐकलं असतं तर, असं सारखं मनात यायचं. मी माझं रेकॉर्ड केलं आणि दादाची फाइल यायची वाट बघत बसले.

ती आली तेव्हा लेकीने दोन्ही एकाखाली एक लावल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर वर माझ्या सुरांच्या छोट्या विटा आणि खाली त्याच्या. सुरू केलं. पहिल्या काही सुरांतच मला रडू फुटलं. त्याचा डावा हात तसाच होता, जड, जरा हट्टी, जिन्यावरून उतरल्यासारखा. जिथे मी थांबत होते तिथे तो बोलत होता. दोन अर्ध्यांची एक धून झाली, उडीपर्यंत.

उडीनंतर सगळी वाट लागली. मी पुढे, तो मागे, शेवटपर्यंत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही.

"मामाने इथे एक ठोका जास्त घेतलाय," लेक पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. तिथे त्याचा एक खालचा सूर लांबच्या लांब पसरला होता. "थांब, कापते." तिने तेवढा तुकडा कापला, मागचं सगळं पुढे ओढलं, आणि धून पहिल्यापासून शेवटपर्यंत कशी इस्त्री केल्यासारखी सरळ झाली.

आईच्या कानात नवं यंत्र होतंच, त्यावर हेडफोन लावले. ती डोळे मिटून ऐकत होती, मान डोलावत होती. उडी आली आणि गेली. ती डोळे उघडून इकडेतिकडे बघायला लागली, घाईघाईत काही राहून गेल्यासारखी. संपल्यावर म्हणाली, "छान आहे. कोणी शिकलेल्या माणसांनी वाजवलंय का?"

"आई, आम्ही वाजवलंय. मी आणि दादाने."

"हो का?" ती म्हणाली आणि पुन्हा मान डोलावली. डॉक्टरांपुढे डोलावली होती तशीच.

मी तडक दादाला फोन लावला. मला राग आला होता, आणि नेमका कोणाचा ते न कळल्यामुळे तो त्याच्या वाट्याला गेला. "त्या उडीपाशी तू एक ठोका जास्त का घेतलास?"

"जास्त कुठे? तेवढाच आहे तो."

"नाही. बाबा एकटे वाजवायचे तेव्हा सरळ जायचे. मला नीट आठवतंय."

"मला त्यांनी तसंच शिकवलंय," दादा म्हणाला. "त्या जागी खालचा सूर धरून ठेवायचा. ती आली की मग पुढे जायचं, असं म्हणायचे." मग त्यानेच विचारलं, "म्हणजे... ते धुनेतलं नव्हतं?"

चाळीस वर्षं हा माणूस धुनेतलाच ठोका समजून माझ्यासाठी थांबत होता.

"मग गोगलगाय कशाला म्हणायचास रे?" मी कशीबशी म्हणाले.

"सूर धरून धरून करंगळी दुखायची माझी!"

मी हसायला लागले, तोही लागला, आणि मग दोघांपैकी कोण हसतंय आणि कोण रडतंय ते कळेनासं झालं. पियानोचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पुढेही निघाला नाही.

लेकीला मी कापलेलं पुन्हा जोडायला लावलं. "अगं पण तेच तर चुकलं होतं!" ती म्हणाली. मी म्हटलं, जोड. मग दादाची डावी बाजू कानात लावून मी माझं पुन्हा वाजवायला बसले. उडी आली. बोट तयार होतं, वरची पट्टी समोर होती. मी हात उचलून धरला आणि थांबले. कानात दादाचा तो खालचा सूर लांबत राहिला, आणि तो पुरता लांबल्यावर मी वरची पट्टी दाबली.

संध्याकाळी आई माझ्या खोलीत पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसली. मी तिचं कानातलं यंत्र नीट केलं आणि वर हेडफोन चढवले. ती ऐकत होती. या वेळी मान डोलावत नव्हती. तिचे हात मांडीवर होते, मग ते हळूच पदराकडे गेले आणि पुसायला लागले. उडीची जागा आली. धून थांबली, आणि आईने वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, जिथे बाबा उभे राहायचे.

"आली बाई एकदाची," ती म्हणाली.