पाठीमागचं नाव

व्हेरोवाल्यांनी दुकानाच्या दर्शनी भागात आपल्या खुणेचा गोल निळा दिवा बसवला, त्या दिवसापासून ताईला काउंटरवरचे आपलेच हात मेलेल्या माणसाचे वाटायला लागले. दिवा बंद करायची सोय नव्हती. व्हेरोच्या माणसाने बटण एका पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि वर हसत म्हणाला होता, "होईल सवय, मॅडम."

तिला सोडून सगळ्यांना झाली. तोच निळा गोल समोरच्या बसथांब्यावर आला, दवाखान्याच्या काचेवर आला, न्हाव्याच्या आरशावरसुद्धा येऊन बसला. ई-पुस्तक वाचायचं यंत्र म्हणजे व्हेरो, हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की दुसरं काही असू शकतं हेच कुणाला सुचेना.

दुसरं होतं. ताईच्या धाकट्या भावाने बनवलेलं 'पानोपान'. चांगली नोकरी सोडून पठ्ठ्याने घराच्या दोन खोल्यांपैकी एकीत ते जुळवलं होतं. डोळ्यांना त्रास नाही, हाताला वजन नाही. पण माणूस पक्का हेकेखोर! यंत्राचं नाव त्याने पाठीमागे, तळहाताखाली झाकलं जाईल असं बारीक अक्षरांत कोरलं. "वाचणाऱ्याच्या डोळ्यांत नाव कशाला खुपायला हवं?" ताईने डोकं आपटून घेतलं, तो बधला नाही.

आणि आता दुकानाच्या मालकाने निकालच लावून टाकला होता. "तुमच्या शब्दाखातर इतके दिवस ठेवलं, ताई. शनिवारपर्यंत एका तरी गिऱ्हाइकाने नाव घेऊन पानोपान मागू दे, मी ठेवतो. नाहीतर तीही फळी व्हेरोला." दुसऱ्या कुठल्याच दुकानाने भावाला दारात उभं केलं नव्हतं. ही फळी गेली की त्याला गाशा गुंडाळावा लागणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

शनिवार उजाडला आणि कलायलाही लागला. येणारा प्रत्येक जण दिव्याखाली क्षणभर थांबे आणि घरून पाठ करून आल्यासारखा म्हणे, "व्हेरो दाखवा." ताई पानोपान पुढे सरकवी. लोक हाताळत, "छान आहे हो" म्हणत आणि परत ठेवून देत.

तेवढ्यात गणिताचे निवृत्त मास्तर आले आणि ताईचा जीव भांड्यात पडला. गेल्या वर्षी तिनेच त्यांच्या गळ्यात पानोपान मारलं होतं. तेव्हापासून भेटेल त्याला ते आपल्या यंत्राचं कौतुक ऐकवत.

"पोरी, आणखी एक दे. मुलीला पाठवायचंय. माझं आहे ना, अगदी तस्सं!"

मालकाने मान वर केली.

"कुठलं, मास्तर?" ताईने मालकाला ऐकू जाईल असं विचारलं.

"कुठलं काय विचारतेस? व्हेरो!"

त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं. त्यावर निळ्या गोलाचं कव्हर होतं. व्हेरोवाले ही कव्हरं गठ्ठ्याने फुकट ठेवून जात, ती कुठल्याही यंत्राला बसत. आपल्या गिऱ्हाइकालाही काहीतरी मिळावं म्हणून ताईच ती पानोपानबरोबर देत आली होती.

तिने घाईघाईने कव्हर काढलं आणि यंत्र उलटं केलं. "हे बघा. हे पानोपान आहे. माझ्या भावाने बनवलंय. तुम्हाला आवडतं ते हे!"

मास्तरांनी चष्मा पुढे-मागे करून वाचलं. चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "म्हणजे वर्षभर मी नकली वापरतोय? व्हेरोचं कव्हर चढवून भावाचा माल खपवलास?"

"पण तुम्हाला आवडलं होतं ना, मास्तर?"

"खरं वाटलं म्हणून आवडलं!"

ते व्हेरो घेऊन गेले. जुनं यंत्र काउंटरवरच टाकून गेले. मालक उठला आणि फळी रिकामी करायला लागला. ताईला रडू आलं, पण दिव्याखाली रडायचीही लाज वाटली.

शटर अर्धं खाली आलं तेव्हा धाकटा धापा टाकत पोहोचला. काखेतलं यंत्र त्याने काउंटरवर ठेवलं. "नवा नमुना, ताई. सर्वांत आधी तुला दाखवतोय."

त्यावर निळा गोल होता.

"हे काय?" तिने गोलावर बोट ठेवलं.

"ते होय? आईने घातलं. ओरखडे पडतील म्हणाली. तूच दिलेलं ना तिला?" तो हसला. "ते जाऊ दे. सांग ना, आलं का कुणी नाव घेऊन?"

काउंटरवर टेकलेले त्याचे दोन्ही हात निळे पडले होते.